भरतीचं घड्याळ आणि राखून ठेवलेली पंधरा मिनिटं

आदल्या संध्याकाळी मी फोन करून विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?" पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागावा एवढा वेळ गेला. मग आवाज आला, "उद्या एकादशी ना? सव्वासहाला रेवसच्या जेट्टीवर या. उशीर करू नका, पाणी आपल्यासाठी थांबत नाही."

रेवस मुंबईकरांना माहीत असतं ते भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचमुळे. अलिबागकरांना ते पलीकडच्या करंजाला नेणाऱ्या तरीमुळे माहीत असतं. अंबा नदी नागोठणे, धरमतर करत जिथे मुंबईच्या समुद्राला मिळते, त्या खाडीच्या मुखाशी हे गाव आहे. माघातल्या त्या पहाटे आम्ही सहा जण तिथे जमलो होतो ते कयाक वल्हवायला. कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची, लांबट, हलकी होडी. शीड नाही, इंजिन नाही. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हेच तिचं सगळं यंत्र.

सहापैकी एकानेही पूर्वी समुद्रात वल्हं मारलेलं नव्हतं. ठाण्याचं एक तरुण जोडपं, पुण्याहून आलेल्या पंचावन्नच्या पुढच्या एक काकू आणि त्यांची भाची, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. काका रोज तलावात वीस फेऱ्या पोहतात. मला पोहता येत नाही. सोबत दोन वाटाडे होते. त्यातला थोरला शेजारच्या बोडणी गावचा, कोळ्याचा मुलगा. वडील अजून मासेमारीला जातात.

अलीकडे कोकणात अशा सहली वाढल्या आहेत. 'नवख्यांसाठी', 'पोहता येत नसलं तरी चालेल' असं त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते कितपत खरं, आणि खरं असेल तर कशाच्या जोरावर, हे मला पाहायचं होतं. ताकद, पोहणं, लाइफ जॅकेट ही उत्तरं मी मनात धरली होती. सकाळ संपली तेव्हा उत्तर वेगळंच निघालं.

तिथी गुणिले पाऊण

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं.

यामागचं शास्त्र असं. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा त्याच जागी गाठायला पृथ्वीला सरासरी ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. कोळ्यांचा हिशेब ४५ मिनिटांचा आहे. थोडी चूक राहते, पण घड्याळ नसलेल्या माणसाला तोंडी करता येईल असा याहून चांगला हिशेब नाही. आमच्या वाटाड्याने तोंडी हिशेबावर न थांबता छापील तक्ताही पाहिला होता. त्यात भरतीची वेळ थोडी पुढची, पावणेनऊच्या सुमाराची होती.

तिथीवरून दुसरी गोष्टही कळते, ती म्हणजे पाण्याचा जोर. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. ते उधाण. मुंबईच्या परिसरात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, फरक दीड मीटरच्या आसपास उतरतो. त्याला कोळी भांगाचं पाणी म्हणतात. एकादशी भांगाच्या जवळची. नवख्यांना न्यायचं तर भांगालाच, हा पहिला नियम.

दुसरा नियम सहा तासांच्या वाटणीचा. भरती पूर्ण झाली की ओहोटी साधारण सहा तास चालते, पण पाणी सहाही तास सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी निघून जातं. समुद्राच्या पाठ्यपुस्तकांत याला बाराव्या भागाचा नियम म्हणतात. खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या माणसासाठी याचा अर्थ एवढाच, की भरती संपता संपता आणि ओहोटीच्या पहिल्या तासात पाणी जवळजवळ शांत असतं. त्यानंतर मात्र ते ओढायला लागतं.

नवखा माणूस कयाक ताशी तीन-चार किलोमीटरने नेतो. उधाणाच्या ओहोटीला अरुंद खाडीतला प्रवाहही तेवढ्या वेगाचा होऊ शकतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध वल्हवणारा माणूस घाम गाळत एका जागीच राहतो. थांबला तर मागे जातो. ताशी तीन किलोमीटरच्या प्रवाहात पंधरा मिनिटं वल्हं खाली ठेवलं, की होडी पाऊण किलोमीटर वाहून गेलेली असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी पडायचं, मग बसायचं

होडीत बसायच्या आधी जेट्टीच्या आडोशाला, छातीएवढ्या पाण्यात, प्रत्येकाला एकदा मुद्दाम उलटायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वेळा "आधी त्यांना घ्या" म्हणून पाहिलं. मग उलटलो. नाकातोंडात खारं पाणी, कानात बुडबुडे, आणि आपण किती खोल गेलो याचा काहीच अंदाज नाही. वर आलो तेव्हा श्वास इतका जोरात चालला होता की बोलता येईना. वाटाडा म्हणाला, "किती वेळ पाण्याखाली होतात?" मी म्हणालो, दहा सेकंद तरी. बाकीचे हसले. तीन सेकंदही झाली नव्हती.

हा सराव दिखाव्याचा नाही. घाबरलेला माणूस श्वास रोखतो किंवा उथळ, भराभर श्वास घेतो, आणि नेमकं तोंड पाण्यात असताना हुंदका देतो. थंड देशांत समुद्राच्या गार पाण्याने असा धक्का बसतो, तिथली पुस्तकं त्याबद्दल पानंच्या पानं लिहितात. आपल्याकडे पाणी कोमट असतं, धक्का बसतो तो भीतीचा. एकदा उलटून, जॅकेटने आपल्याला वर आणलेलं अनुभवलं, की दुसऱ्या वेळी मेंदूला ते ठाऊक असतं. मी दुसऱ्यांदा उलटलो तेव्हा वर येऊन आधी होडी धरली. पहिल्या वेळी ती कुठे आहे हेही मला दिसलं नव्हतं.

आमच्या होड्या वरून उघड्या होत्या, पाय आत अडकत नाहीत अशा. त्या रुंद असतात, आत आलेलं पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निघून जातं. वेग कमी मिळतो, पण उलटली तरी माणूस सरळ बाहेर पडतो. नवख्याला हाच प्रकार योग्य.

लाइफ जॅकेटचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे पाण्यात आपलं वजन जवळजवळ नाहीसं होतं. डोकं पाण्याबाहेर ठेवायला थोडाच आधार पुरतो. कयाकवाले घालतात ती सुटसुटीत जॅकेटं साधारण ५० न्यूटनची, म्हणजे पाच किलो वजन उचलून धरणारी असतात. पण ती पोहता येणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. न पोहणाऱ्याने १०० न्यूटन किंवा अधिकचं, मानेमागे पट्टी असलेलं जॅकेट मागावं. ते माणसाचा चेहरा वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. आणि जॅकेट कुठलंही असो, खांद्यांजवळ धरून वर ओढलं तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. सरकलं तर पट्टे सैल आहेत. माझे होते.

जोर दंडात नाही

सव्वासातला सूर्य करंजाच्या बाजूने वर आला आणि आम्ही निघालो. समोर द्रोणागिरीचा डोंगर. हनुमान संजीवनी घेऊन जाताना द्रोणागिरीचा एक तुकडा इथे पडला, असं उरणकडचे लोक सांगतात. आमची दिशा समुद्राकडे नव्हती, खाडीच्या आत होती. भरतीचा शेवटचा जोर आम्हाला हलकेच आत नेत होता. डाव्या हाताला रुंद पाणी, उजव्या काठाला कांदळवन. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी तिवराची श्वासमुळं अर्धी पाण्याखाली गेली होती. हवा नसलेल्या चिखलात झाडाला ऑक्सिजन पुरवणारी ही मुळं आहेत. पाण्याबाहेर उरलेल्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या.

दहा मिनिटांत माझे मनगट ते कोपर भरून आले. वाटाडा शेजारून जाताना म्हणाला, "दादा, वल्हं पळून जाणार नाही. मूठ सैल करा." नवखे सगळे हेच करतात. वल्हं आवळून धरतात आणि दंडाने ओढतात. पुढच्या हाताचे स्नायू लहान असतात, लवकर थकतात, मनगटाच्या स्नायुबंधांना सूज येऊ शकते. खरा जोर कमरेपासून यायला हवा. पाय समोरच्या खाचेत टेकवायचे, पातं पावलांजवळ पाण्यात घालायचं आणि हात फारसे न वाकवता धड वळवायचं. पोट आणि पाठीचे मोठे स्नायू काम करतात. खांद्याचं दुखणं टाळायचं तर हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि मागे वळून वल्हं मारायचं असेल तर हात मागे न नेता अख्खं धड वळवायचं.

मध्यम गतीने वल्हवणं हा शांत बसण्याच्या सुमारे पाचपट ऊर्जा घेणारा व्यायाम मानला जातो. साठ किलोच्या माणसाचे तासाला साधारण ३०० कॅलरी खर्च होतात, भरभर चालण्यापेक्षा थोडे जास्त. फरक असा, की चालताना थकलं तर बाकावर बसता येतं. पाण्यात बाक नसतो. आणि गार वाऱ्यामुळे घाम आलेला कळतही नाही. म्हणून पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते प्यायलं तर मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला प्यायल्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं.

दौलतखानाची माघार

आम्ही वल्हवत होतो ती वाट इतिहासात लढाईची आहे. रेवसहून मांडव्याला वळसा घालून दक्षिणेला गेलं की थळसमोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं लागतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी तिथे कामाला होता. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता. त्यांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री काठाकाठाने येत आणि माणसं, सामान बेटावर पोचवत. मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि खोल पाणी लागतं. वल्ह्याच्या होडीला दोन्हीची फारशी गरज नसते.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब मराठ्यांनी पकडलं. 'रिव्हेंज' हे मोठं जहाज मात्र तोफा डागत टिकून राहिलं, आणि मराठ्यांचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे माघारी वळलं. नागोठण्याची खाडी म्हणजे आम्ही जिच्यात होतो तीच ही खाडी. त्या दिवशी माघार घेतली म्हणून होड्या वाचल्या आणि नंतरही खांदेरीला रसद जात राहिली. पुढे १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला, किल्ला मराठ्यांकडेच राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

काकांनी नेमका तोच विषय काढला. हात चांगला बसला होता, पाणी आरशासारखं होतं. "एवढ्या शांत पाण्यात खांदेरी नाही, पण निदान मांडव्यापर्यंत जाऊ की. मी पोहतो रोज." वाटाड्याने मान हलवली. मग त्याने काठीने गणित समजावावं तसं वल्ह्याने दाखवलं. आत्ता वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे, मतलई वारा. काठाजवळ तो जाणवत नाही, पण बाहेर गेलात की तोच पाठीवर बसतो आणि आणखी बाहेर नेतो. ओहोटी लागली की पाणीही त्याच बाजूला ओढणार. दुपारी उलट होतं. जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा येतो, आणि खाडीतून बाहेर पडणारं पाणी त्याच्या समोरासमोर भिडतं. तेव्हा लाटा उंच असतात त्यापेक्षा जास्त उभ्या आणि जवळजवळ होतात. नवख्याची होडी उलटते ती अशाच लाटांत. "म्हणून आपण आत आलोय. जाताना भरती ढकलते, येताना ओहोटी. तुम्ही थकलात, वल्हं टाकलंत, तरी पाणी घराकडेच नेणार."

वाट अशी आखलेली असते हे मला तोवर सुचलंच नव्हतं. शिवाय खाडीच्या मध्यातून धरमतर-डोलवीकडे जाणारे बार्ज असतात. उंच बार्जच्या पुढच्या भागातून पाण्यालगतची कयाक दिसत नाही आणि बार्जला पटकन थांबताही येत नाही. त्यामुळे काठ सोडायचा नाही.

पंधरा मिनिटं

सव्वाआठला वाटाड्याने परतायचं म्हटलं. तक्त्याप्रमाणे भरती पूर्ण व्हायला अजून अर्धा तास होता. काका पुटपुटले, पैसे दोन तासांचे घेतले आहेत. तेवढ्यात काकूंची होडी मागे पडलेली दिसली. भाची एकटीच वल्हवत होती. काकू वल्हं मांडीवर ठेवून बसल्या होत्या. वाटाड्याने विचारलं, "काकू, बरं आहे ना?" तर त्या एकदम फटकारून म्हणाल्या, "काही झालेलं नाही मला, चला पुढे." सकाळपासून सगळ्यांना हसवणाऱ्या बाईचा हा सूर नव्हता. कपाळावर घाम, हात थरथरत होते.

निघताना वाटाड्याने प्रत्येकाला विचारलं होतं. औषधं कुठली चालू आहेत? रात्री झोप झाली का? काही खाल्लंय का? काकूंनी "चहा झालाय" म्हणून सांगितलं होतं. एकादशीचा उपास त्यांनी सांगितला नाही, आणि मधुमेहाची सकाळची गोळी घेतली होती हेही नाही. "उगीच मला बसवून ठेवतील म्हणून," असं त्या नंतर म्हणाल्या.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांनी साखर फार उतरत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने तसं क्वचितच होतं. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. त्यात व्यायामाने स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. उपास, गोळी आणि वल्हवणं ही तीन कारणं एकत्र आली. साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, आणि मेंदूला इंधन कमी पडल्याने माणूस चिडतो किंवा गोंधळतो. पाण्यात याला दुहेरी धोका आहे. थरथर थंडीची वाटते, घाम श्रमाचा वाटतो, आणि चिडका माणूस मदत नाकारतो.

धाकट्या वाटाड्याने दोन्ही होड्या जोडून धरल्या. थोरल्याने तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून काकूंना पाजलं. हा हिशेब जगभरात सारखा आहे. शुद्धीवर असलेल्या, गिळता येणाऱ्या माणसाला लगेच विरघळणारी सुमारे १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. चिक्की किंवा चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही.

आम्ही थांबलो. कांदळवनाच्या काठाशी सहा जण आणि दोन वाटाडे, पाण्यावर तरंगत. मी घड्याळ पाहत होतो. पाणी हलत नव्हतं. तिवराच्या फांदीशी आमची जी होडी होती ती तिथेच होती. सतराव्या मिनिटाला काकू म्हणाल्या, "उपास मोडला ना रे माझा?" भाची रडता रडता हसली.

त्यानंतर काकूंच्या होडीला दोर लावून थोरल्याने ती ओढत आणली. ओहोटी नुकतीच लागली होती, पहिल्या तासाची, बारातला एक भाग. ती आम्हाला घराकडे ढकलत होती. पावणेदहाला आम्ही जेट्टीशी होतो. परतताना एका क्षणाचीही घाई करावी लागली नाही.

ती सतरा मिनिटं कुठून आली, हा माझा प्रश्न होता. वाटाड्याने ती आदल्या संध्याकाळीच राखून ठेवली होती. भांगाचा दिवस निवडला, भरतीच्या शेवटच्या तासात आत नेलं, आणि पाणी वळायच्या आधीच परत फिरवलं. हीच गोष्ट उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या तिसऱ्या तासात, खाडीच्या बाहेर घडली असती, तर साखर वर येईपर्यंत आम्ही पाऊण किलोमीटर मुंबईच्या जहाजांच्या वाटेकडे वाहिलो असतो. काकूंची तब्येत तीच, गोळी तीच, ग्लुकोजही तेच.

जाण्यापूर्वी

नवख्यांची सहल सुरक्षित आहे का, याचं उत्तर म्हणूनच होडीच्या रंगावरून किंवा जाहिरातीवरून मिळत नाही. ठरवण्याआधी फोनवर चार प्रश्न विचारा. त्या दिवशी भरती किती वाजता आहे? परत फिरायची वेळ कोणती, आणि ती भरतीच्या किती आधी किंवा नंतर आहे? किती माणसांमागे किती वाटाडे? निघण्याआधी उलटण्याचा सराव करून घेता का? उत्तर देताना समोरचा अडखळला, किंवा "समुद्र शांत असतो, काळजी करू नका" एवढंच म्हणाला, तर ती सहल सोडून द्या. पावसाळ्यात तर विषयच नको. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी सगळ्यात चांगल्या.

तुमच्याकडूनही प्रामाणिक उत्तरं हवीत. फिट येण्याचा त्रास, हृदयविकार, पूर्वी निखळलेला खांदा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. मधुमेहाची किंवा इतर कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण कधी आणि किती घ्यायची ते विचारून ठेवा. उपाशीपोटी मात्र जाऊ नका. पायात घट्ट बसणारे बूट घाला. खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात, आणि खाडीच्या पाण्यात झालेली जखम चिघळू शकते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर अशा जखमेला लाल सूज येताच डॉक्टर गाठा. चिखलात पाय रुतले तर उभं राहण्याची धडपड करू नका. होडीवर आडवं पडून वजन पसरवा आणि पाय हळूहळू सोडवा.

आणखी एक गोष्ट काठावर उभ्या असणाऱ्यांसाठी. बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना त्याला श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार? तो गप्प, उभा, मान मागे टाकलेला दिसतो. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात, त्यातली कितीतरी इतरांच्या डोळ्यांदेखत. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देण्याच्या आधी तोंडाने श्वास द्या, कारण त्याला कमी पडलेला असतो तो ऑक्सिजन. समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

जेट्टीवर काकूंनी शेवटी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला. काका मात्र गप्प होते. मग वाटाड्याजवळ जाऊन म्हणाले, "परवा पुन्हा येतो. मित्र आहे एक, त्यालाही आणतो."

वाटाड्याने बोटांवर मोजलं. "परवा त्रयोदशी. पावणेदहाची भरती, आणि पौर्णिमा जवळ आली, पाणी जोर धरणार. परतेपर्यंत वाराही चढेल. परवा नको, काका. वद्य दशमी-एकादशीला या."

"अरे, पैसे आगाऊ देतो."

"पैशाचं नाही," तो होड्या उलट्या करत म्हणाला. आम्ही सकाळी जिथून निघालो होतो, तिथे आता वीतभर चिखल उघडा पडला होता.